आपा डबा आणायला जातात

विश्रांतवाडीच्या चौकात लाल दिव्याला एक स्कूटर थांबलेली आहे. मागच्या सीटवर पासष्टीची एक बाई. अंगात कडक इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्याला हेल्मेट. हातात प्लास्टिकचा पाइप, आणि त्याला सुताराच्या पिवळ्या मोजपट्टीचे तुकडे आडवे बसवलेले. तो पाइप तिनं आकाशाकडे रोखलाय आणि डोळे मिटून घेतलेत. असं काही दिसलं तर घाबरू नका. त्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या तांबोळी आपा. पुढं स्कूटर चालवतेय ती मी.

एकदा ट्रॅफिक हवालदारानं आम्हाला बाजूला घेतलं.

"हे काय आहे?" त्यानं पाइपकडे बोट दाखवलं.

"कान," आपा म्हणाल्या.

"कुणाचा?"

"माझाच. देवानं दिलेले दोन पुरेनात."

हवालदारही पुण्याचाच. "कान एवढा बाहेर काढून गाडीवर बसायला परवानगी आहे का?" त्यानं विचारलं. आपांनी पर्समधून शांतपणे परवाना काढला. हौशी रेडिओचा, सरकारी शिक्क्याचा. त्यानं तो पुढून वाचला, मागून वाचला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, यावर मॅचची कॉमेंट्री लागते का हो?"

आपांच्या घरी रेडिओची दोन यंत्रं आहेत, गच्चीवर तारा ताणलेल्या आहेत, आणि त्या तारांवर सोसायटीतलं कुणी टॉवेल वाळत घातला तर आपा तो घडी करून, इस्त्री करून परत देतात. पुन्हा कुणी घालत नाही. त्या यंत्रांवरून आपा कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांशी बोलतात. रेडिओवर बोलणाऱ्यांत एक रीत असते. समोरच्याचा आवाज किती स्पष्ट येतोय ते पाचांपैकी सांगायचं, आणि किती जोरात येतोय ते नवांपैकी. पाच-नऊ म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं. आपांनी ही रीत रेडिओपुरती ठेवली नाही, एवढीच काय ती अडचण.

आम्ही या सोसायटीत नवीन राहायला आलो तेव्हा जिन्यात मी त्यांना नमस्कार केला. म्हटलं, "मी सुनीता. खालच्या मजल्यावर आलोय आम्ही. मी बी.एस्सी. आहे, इलेक्ट्रॉनिक्स."

"तीन-चार," आपा म्हणाल्या.

"काय?"

"आवाज. स्पष्टपणा तीन, जोर चार. पदवी मात्र नीट ऐकू आली."

आता पदवीचं सांगूनच टाकते. हडपसरच्या पलीकडं आमची शेती होती. थोडी अजून आहे, बाकीच्यावर काचेच्या इमारती उभ्या आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शाळेच्या दाखल्यावर अंगठा उठवणाऱ्या आजीनं माझा पदवीचा कागद दोन्ही हातांत धरून उलटा वाचला होता. तेव्हा मी हे लपवत नाही. कुणी विचारलं नाही तरी सांगते.

तर आपांचे मार्क. सोसायटीचे सेक्रेटरी मीटिंगमध्ये बोलायला उभे राहिले की आपा मागून पुटपुटणार, "दोन-नऊ." म्हणजे जोर भरपूर, पत्ता लागत नाही. भाजीवाल्याची आरोळी पाच-आठ. आमच्या सासूबाई पहिल्यांदा गावाहून आल्या आणि दारातूनच मला हाक मारली, तेव्हा वरच्या मजल्यावरून निकाल आला, "पाच-नऊ. सगळ्या स्टेशनांवर एकदम!" सासूबाईंना वाटलं कौतुक झालं. तेव्हापासून त्या आल्या की आधी आपांकडे जातात.

नोकरी आपांनी खडकीला केली, दारूगोळ्याच्या कारखान्यात, तपासणी खात्यात. तिथलं काही विचारलं की म्हणायच्या, "सरकारी गुपित आहे. आणि सांगण्यासारखंही काही नाही." एकदाच, मटार सोलता सोलता म्हणाल्या, "आयुष्यभर जे जे तपासलं ना सुनीता, ते सगळं जाऊन फुटण्यासाठीच बनवलेलं. माझा शिक्का बसलेली एक वस्तू परत आली नाही. आली असती तर नोकरी गेली असती. म्हणून आता वाटतं, गेलेलं काहीतरी परत आणून बघावं."

हे परत आणणं म्हणजे फुग्यांचे डबे.

हवामान खातं आकाशात मोठे फुगे सोडतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. मला बी.एस्सी. होऊनही माहीत नव्हतं. फुग्याखाली मुठीएवढा एक पांढरा डबा टांगलेला असतो. वर वर जाताना तो डबा वारा किती, गारवा किती हे रेडिओवरून खाली कळवत राहतो. विमानांच्याही वर गेल्यावर फुगा फुटतो, आणि डबा छोट्या छत्रीला लटकत कुणाच्या तरी शेतात येऊन पडतो. खात्याला तो परत नको असतो, त्यांचं काम झालेलं असतं. पण पडल्यावरही, बॅटरी असेपर्यंत, तो आपला टिट् टिट् करत राहतो. तो टिट् टिट् शोधत आपा जातात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पगार देत नाही.

त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे. लोक तिथं कप-ढाली ठेवतात, आपांनी हे डबे ठेवलेत. ज्या गावात जो सापडला त्या गावाचंच त्याला नाव. पुसापुशी चाललेली असताना मी गेले की ऑर्डर सुटते, "केडगावला जरा इकडं घे. यवतला धक्का लावू नकोस, त्याची दोरी तुटलीय."

पूर्वी त्या रिक्षा करून जायच्या. रिक्षावाल्याला "कुठं जायचं?" म्हटल्यावर "तो पडेल तिथं" असं उत्तर मिळालं की बरेच रिक्षावाले पडायच्या आधीच सुटायचे. मग त्यांना माझी स्कूटर दिसली.

पुण्यातल्या हौशी रेडिओवाल्यांचा एक क्लब आहे. दहा-बारा माणसं. अध्यक्ष जोगळेकर साहेब, निवृत्त इंजिनिअर, चुकीचं इंग्रजी ऐकलं की डोकं धरणारे. बाकी बहुतेक कंपन्यांतली पोरं. या क्लबनं रीतसर परवानग्या काढून स्वतःचा मोठा फुगा सोडायचं मनावर घेतलं. थर्माकोलचा डबा, त्यात कॅमेरा, त्यात आवाज पाठवणारं यंत्र. फुगा सोडायच्या आधी कितीतरी रविवार ही सगळी मंडळी आपांच्या घरी जमायची. कुणी तारा जोडतंय, कुणी भांडतंय, सगळ्या घरात तारांना कथलाचा डाख द्यायचा वास. जोगळेकर साहेबांची एकादशी असली तर आपा त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी करायच्या, आणि ती इतकी मोकळी व्हायची की उपवास नसलेले आधी संपवायचे.

आपांनी तीन भावांना शिकवलं, त्यांची लग्नं लावली. आता दोघं कोंढव्याला असतात, एक दुबईत. स्वतःचं लग्न राहून गेलं. "वेळेवर सिग्नल मिळाला नाही," असं त्या म्हणतात आणि विषय संपवतात.

फुग्यांचं मात्र नशीब फुटकं होतं. पहिला डबा सरळ भीमेच्या पात्रात. दुसरा सापडला, पण एका मासेवाल्याकडे. त्यानं त्यात बर्फ भरून कोळंबी ठेवली होती. कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणाला, "आत काहीतरी होतं खरं. नदीत टाकलं."

तिसऱ्या फुग्याच्या आधीच्या रविवारी जोगळेकर साहेबांनी आपांच्या दिवाणखान्यात घसा साफ केला. "मंडळी, स्पष्ट बोलतो. दर वेळी परवानग्या काढा, सामान जमवा, आणि हातात शून्य. हा डबा परत आला तर पुढचा फुगा. नाही आला तर फुगे बंद. आपण आपले महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटत जाऊ."

"ऑनलाइन," आपा म्हणाल्या. चहात माशी सापडावी तशा.

मंडळी गेल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं. "सुनीता, शनिवारी सुट्टी आहे ना तुला?"

"आहे."

"डबा आणायचाच." एवढंच. मार्कबिर्क काही दिले नाहीत. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

शनिवारी फुगा मुळशीच्या बाजूच्या मैदानातून सुटायचा होता. सगळे तिकडं गेले. आपा गेल्या नाहीत. "सुटणारी वस्तू बघून मी रिटायर झाले. वारा पश्चिमेचा आहे, तो आपल्या डोक्यावरूनच जाणार. आपण उतरायच्या बाजूला जाऊन बसू." म्हणून आम्ही हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याला एका रसवंतीत जाऊन बसलो. आपांच्या हातातल्या सेटवर टिट् टिट् सुरू होतं आणि माझ्या फोनवर डब्याचा पत्ता येत होता. विमानांच्या वर गेला. त्याच्याही वर गेला. मग एकदम उंचीचे आकडे उलटे फिरले.

"फुटला!" मी ओरडले. रसवंतीवाल्यानं घाबरून चरक थांबवला.

"येतोय," आपा म्हणाल्या आणि उसाचा रस तसाच ठेवून उठल्या.

आता यातली खरी मेख. डबा हवेत असतो तोवर स्वतःचा पत्ता स्वतः सांगतो. जमिनीजवळ आला की झाडं, घरं, टेकाडं आड येतात आणि पत्ता तुटतो. शेवटचा पत्ता मिळाला तो उरुळीच्या अलीकडचा, तोही डबा हवेत असतानाचा. तिथून पुढं वाऱ्यानं त्याला कुठं नेलं ते वाऱ्याला माहीत. जोगळेकर साहेब पोरांना घेऊन गाडीतून निघाले होते, मांडीवर लॅपटॉप. लॅपटॉपनं त्यांना बरोबर नेलं, फक्त कालव्याच्या पलीकडं. पूल पार मागं राहिला.

आम्ही शेतरस्त्याला लागलो. आपा उतरायच्या, पाइप सावकाश फिरवायच्या, जिथं आवाज सगळ्यात मोठा तिकडं बोट करायच्या. पुढं जाऊन पुन्हा तेच. या दोन दिशांच्या रेघा जिथं एकमेकींना कापतील तिथं डबा. पण अगदी जवळ गेलं की ही युक्ती चालत नाही, आवाज चहूकडूनच मोठा येतो. तेव्हा आपा पाइप बाजूला ठेवतात, सेट छातीशी घट्ट धरतात आणि स्वतःभोवती हळूहळू गोल फिरतात. स्वतःचंच अंग आड येऊन आवाज जिथं बसेल, तिथं डबा बरोबर पाठीमागं.

त्या तशा डोळे मिटून फिरत होत्या ती जागा म्हणजे कांद्याचं रान. खुरपणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

"अंगात आलंय गं बाईच्या," एक म्हणाली आणि तिनं हात जोडले.

दुसरी जास्त व्यवहारी. पुढं येऊन म्हणाली, "माझ्या पोराचं लगीन कुठं जमंल, तेवढं इचारा की त्यांना."

"पाठीमागं आहे," आपा डोळे न उघडता म्हणाल्या.

"म्हंजी खालच्या आळीत?" बाई हरखली. "मी म्हणतच व्हते!"

मी तिची समजूत घालणार, तेवढ्यात सेट गप्प झाला.

टिट् टिट् एकदम बंद. आपांनी सेट हलवला, कानाला लावला, पाइप उचलून चारी दिशा फिरवल्या. काही नाही. नुसती खरखर. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

रेडिओवर जोगळेकर साहेब आले. कालव्याच्या पलीकडून त्यांचा आवाज थकलेला. "आपा, आमच्याकडेही आवाज गेला. बॅटरी संपली. आता काही उपयोग नाही. परत फिरा."

"बॅटरी संपलेली नाही."

"आपा, पुरे झालं."

"अहो जोगळेकर, बॅटरी संपताना आवाज आधी बारीक होतो, कण्हतो, मग जातो. हा तर गळा दाबल्यासारखा गप्प झालाय. कुणीतरी उचलून त्याला पत्र्यात कोंडलंय. लोखंडाच्या आतून आवाज बाहेर येत नाही." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "अंधार पडेपर्यंत द्या मला."

"अंधारापर्यंत," पलीकडून आलं. "मग मात्र विषय बंद."

आम्ही बांधावर बसलो. समोर पन्नासेक घरं, वाड्या-वस्त्या विखुरलेल्या. कुणाच्या पत्र्यात शोधायचं? आपा विचारू लागल्या, "शेतकऱ्याच्या घरात लोखंडी काय काय असतं गं?"

हा प्रश्न मला कॉलेजात कुणी विचारला नव्हता, पण उत्तर पाठ होतं. "ट्रंक. कपाट. आणि धान्याची कोठी, पत्र्याची, वर झाकण असलेली. चीजवस्तू लपवायची तर आमच्यात कोठीतच लपवतात. ज्वारीत खुपसून."

"आणि कोठी उघडतात कधी?"

मी सूर्याकडे बघितलं. तो कलायला लागला होता. "दिवस मावळायच्या आधी, कोंबड्या खुराड्यात घालताना. मूठभर दाणे टाकल्याशिवाय येत नाहीत त्या. दाणे कोठीतले."

आपांनी माझ्याकडे बघितलं, पाइप खांद्याला लावला आणि बंदूकवाल्यासारख्या तयार बसल्या. "मग कोंबड्यांची वाट बघू."

  उन्हं उतरली. सावल्या लांब झाल्या. कांद्यातल्या बाया खुरपी धुऊन घरी निघाल्या. मुलाच्या लग्नाची बाई जाताना आपांच्या पाया पडून गेली. त्याकडेही आपांचं लक्ष नव्हतं. कुठंतरी कुणी कोंबड्यांना "य्या य्या" करून बोलवायला सुरुवात केली.

टिट्! टिट्! टीऽट्!

आपा उठल्या की त्यांना कुणी उडवलं हे मला सांगता येणार नाही. पाइप गर्रकन फिरला, एका जागी आला, पुढं-मागं झाला आणि ठरला. सेट पुन्हा गप्प. झाकण पडलं होतं. पण पाइपचं टोक हललं नाही. त्या टोकाच्या रेषेत विटांचं एक घर होतं, वर निळी टाकी, अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"पळ!" आपा म्हणाल्या. पासष्टीची बाई माझ्या पुढं पळत होती.

अंगणात बाजेवर एक म्हातारा बसलेला. पांढरी टोपी, मिशा टोकदार. त्यानं आम्हाला बघितलं, आपांच्या हातातल्या पाइपला बघितलं, आणि काठी घेऊन उठला.

"मोजणी करायची नाय म्हणून सांगितलं व्हतं का नाय?"

"मोजणी नाही काका, आम्ही—"

"हातात टेप घिऊन येतीय आन म्हणती मोजणी नाय! रिंगरोडवालं नायतर कोण तुमी?"

मला सगळा उलगडा झाला. त्या भागात रस्त्यासाठी जमिनींच्या मोजण्या चाललेल्या. हातात मोजपट्टी धरलेली बाई म्हणजे काय, हे आमच्या हडपसरच्या घरांना वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या रानात पहिल्यांदा टेप आली तेव्हा माझे वडीलही असेच काठी घेऊन उभे होते.

आपांनी पाइप त्याच्यापुढं धरला. "काका, ही टेप बघा. तुकडे केलेत हिचे. हिनं मोजली तर तुमची जमीन आहे त्याच्या दुप्पट भरेल. सरकारला परवडेल का?"

म्हाताऱ्याची काठी अर्धी खाली आली. पण अर्धीच.

मग मी माझं पुण्याचं मराठी खुंटीला टांगलं. "नाना, मी हडपसरकडची. म्हेत्र्यांची लेक. आमच्याबी रानात टेप फिरलीय. मी कशाला मोजणीवाल्यांसंगं यीन?"

"कुठल्या म्हेत्र्यांची?"

कुठल्या ते सांगितलं. मग आजोबांचं नाव सांगितलं. बैलबाजारात आजोबांशी त्याचं एकदा भांडण झालं होतं असं निघालं. भांडण निघालं म्हणजे ओळख पटली. त्यानं काठी बाजेला टेकवली.

"मग वरून त्यो ड्रोन कुणाचा पडला? मागल्या हप्त्यात एक घिरट्या घालून गेला, आता ह्यो. छत्री लावून सोडला! म्हातारीच्या म्होरं पडला, ती पाणी प्यायला बसली व्हती. घाबरंघुबरं झाली."

दारात त्याची म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती. ती काही घाबरंघुबरं झाल्यासारखी दिसत नव्हती. आपांनी सगळं समजावून सांगितलं. फुगा, हवा, कॅमेरा, क्लब. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला.

"फोटू काढतो का नाय?"

"काढतो," आपा म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नाही.

"वरून?"

"वरून."

"झालं तर मग. मोजणीच ती. डबा मिळायचा नाय."

सूर्य टेकडीला टेकला होता. रेडिओवर जोगळेकर साहेब विचारत होते, "आपा, काही आहे का?" आपांनी सेट बाजेवर ठेवला. त्या म्हाताऱ्याशेजारी बाजेवर बसल्या. "असं करू नाना. डबा तुमच्या हातात ठेवा. फोटो तुमच्यादेखत बघू. तुमचं रान दिसलं तर डबा तुमचा, चुलीत घाला. नाही दिसलं तर माझा."

मी त्यांच्या कानाशी लागले. "आपा, दिसलं तर?"

"तर दिसलं," आपा म्हणाल्या.

म्हातारा डोळे बारीक करून विचार करत राहिला. मग म्हातारीला म्हणाला, "काढ गं."

म्हातारीनं कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि ज्वारी गाळत डबा वर काढला. झाकणाबाहेर येताच आपांच्या सेटवर टिट् टिट् सुरू झालं, इतक्या जोरात की कोंबड्या खुराड्यात न बोलावता गेल्या. डबा धड होता. केशरी छत्री घडी करून त्यातच कोंबलेली. कॅमेऱ्याच्या पाठीमागं काडेपेटीएवढा पडदा होता. तो सुरू झाला, आणि आम्ही चौघं त्यावर वाकलो.

फुगा फुटला तेव्हाच कॅमेरा थांबला होता, शेवटचा फोटो अगदी वरचा. काळं आकाश. भर दिवसा काळं. खाली वाकलेली पृथ्वी, तिच्या कडेला निळ्या रंगाची एक रेघ, आणि खूप खाली तपकिरी धुकं, ढग, पाण्याचा एक ठिपका चमकणारा.

म्हातारा पुष्कळ वेळ बघत होता. "ह्यात माझा बांध कुठाय?"

"दिसत नाही नाना. तुमचा बांध नाही, तुमचं गाव नाही, आमचं पुणंही नाही."

"शेजाऱ्याचा बांध?"

"त्याचाही नाही."

म्हाताऱ्यानं पुन्हा एकदा नीट बघून खात्री करून घेतली. "त्याचाबी नाय," तो म्हातारीला म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. "मग बराबर हाय फोटू. न्या डबा."

आपांनी सेट तोंडाशी धरला. "जोगळेकर. डबा हातात आहे. कॅमेरा आहे. फोटो आहेत."

पलीकडून एकदम आठ-दहा जण ओरडले. कोण काय बोलतंय काही कळेना. "एक-नऊ!" आपा त्यांच्यावर ओरडल्या. "एकेक जण बोला!" पण कुणी ऐकायला तयार नव्हतं. शेवटी जोगळेकर साहेबांचाच आवाज वर आला, चक्क शिट्टी वाजवत. इंग्रजी शिट्टी नव्हती ती, चांगली गल्लीतली होती.

म्हातारीनं निघताना आम्हाला पिशवीभर ज्वारी दिली. "डब्याला लागलेली हाय, झटकून टाकण्यापरीस न्या," म्हणाली. डबा आपांनी मांडीवर घेतला. केशरी छत्री डब्यात पुन्हा मावेना म्हणून गळ्याभोवती बांधली. हडपसरच्या गर्दीतून आम्ही आलो तेव्हा ती मागं फडफडत होती. बसच्या खिडक्यांतून लोक बघत होते. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "काय आजी, निवडणूक जिंकलात का?"

"बिनविरोध!" आपा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळा क्लब आपांच्या दिवाणखान्यात होता. फोटो मोठ्या पडद्यावर लावले होते. पोरं एकेका फोटोला टाळ्या वाजवत होती. जोगळेकर साहेब काळ्या आकाशासमोर हात मागं बांधून उभे राहिले. मग म्हणाले, "पुढचा फुगा मोठा करू. पुढच्या रविवारपासून कामाला लागायचं. आपा, चालेल ना इथंच?"

"इथंच," आपा म्हणाल्या. "ऑनलाइन डाख देता येत नाही."

दिवेलागणीला मंडळी गेली. मी मागं राहिले, आवरायला. आपांची आवराआवर मला माहीत होती. तुमचा शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत कप हातातून जातो, धुतला जातो, पालथा पडतो. त्या दिवशी कप होते दिवाणखानाभर. टेबलावर, खिडकीत, पुस्तकांवर, एक तर खुर्चीखाली. चकलीचे तुकडे, तारांचे कपटे. मी गोळा करायला लागले.

"राहू दे," आपा म्हणाल्या.

"आत्ता होतील आपा. मुंग्या येतील."

"येऊ देत."

मी वळून बघितलं. त्या खुर्चीत बसल्या होत्या, बूट काढलेले, पाय समोर लांब केलेले. माझ्याकडे बघत नव्हत्या. या कपावरून त्या कपावर त्यांची नजर फिरत होती, हळू, मार्क देत असल्यासारखी नव्हे, मोजत असल्यासारखीही नव्हे.

"सकाळी उठले की दिसू देत जरा," त्या म्हणाल्या.

माझ्या हातात दोन कप होते. एक खिडकीतला, एक पुस्तकांवरचा. मी ते जिथं होते तिथं, होते तसेच परत ठेवले आणि दार ओढून घेऊन खाली आले.